पिशवीत किती आलं, ते लिहून ठेवा

मी माळशिरस तालुक्यातल्या एका गावात आशा स्वयंसेविका आहे. बाळाला जुलाब लागले की ओआरएसची मोठी पुडी एक लिटर स्वच्छ पाण्यात पूर्ण रिकामी करायची, अर्धी आज अर्धी उद्या असं करायचं नाही, हे मी गेली कित्येक वर्षं दारोदार जाऊन सांगते. आणि २०२२ च्या मार्चमध्ये माझ्याच घरात, कॅन्सरच्या ऑपरेशननंतर ह्यांच्या पोटावर लावलेल्या पिशवीतून पाण्यासारखं वाहायला लागलं, तेव्हा मी पाच दिवस त्यांना साधं पाणी पाजत राहिले. पाचव्या दिवशी सकाळी न्हाणीतून उठताना ह्यांना चक्कर आली आणि ते पडले. किडनी नीट चालते का ते दाखवणारं रक्तातलं क्रिएटिनिन ऑपरेशनआधी ०.९ होतं, ते २.८ झालं होतं. सहा दिवस परत ॲडमिट, परत सलाइन.

ह्यांना गुदाशयाचा कॅन्सर होता. रक्त पडायचं ते आम्ही आठ महिने मूळव्याध समजून काढले. मग पाच आठवडे शेक, म्हणजे रेडिएशन, त्यासोबत गोळ्या, दोन महिने थांबून ऑपरेशन. गाठ काढून खालचं आतडं जोडलं आणि तो जोड भरून येईपर्यंत त्यावरून काही जाऊ नये म्हणून लहान आतड्याचं तोंड पोटावर काढून ठेवलं. याला आयलिओस्टोमी म्हणतात, त्या तोंडाला स्टोमा, आणि त्यावर पिशवी चिकटवतात. आठव्या दिवशी घरी सोडलं. कार्डावर लिहिलं होतं, ‘भरपूर पातळ पदार्थ घ्या’. कोणते, किती, हे लिहिलं नव्हतं, आणि मीही विचारलं नाही. तुम्ही विचारा. या ऑपरेशननंतर माणूस पुन्हा दवाखान्यात जातो तो बहुतेक वेळा अंगातलं पाणी आणि मीठ निघून गेल्यामुळेच.

असं का होतं, ते मला नंतर स्टोमा पाहणाऱ्या सिस्टरनी कागदावर आतड्याचं चित्र काढून समजावलं. अन्नातलं उरलेलं पाणी आणि मीठ शोषून घ्यायचं काम मोठ्या आतड्याचं. ते आता वापरातच नाही, त्यामुळे लहान आतड्यातून येईल ते तसंच पिशवीत पडतं. त्यात आपण नुसतं पाणी प्यायलो, की लहान आतडं ते बिनमिठाचं पाणी स्वतःच्या बरोबरीला आणायला शरीरातलंच मीठ आत सोडतं, आणि मग ते मीठ आणि पाणी दोन्ही पिशवीतून बाहेर जातं. म्हणजे जितकं जास्त साधं पाणी, तितका माणूस कोरडा. मीठ आणि साखर योग्य प्रमाणात एकत्र असतील तर मात्र आतडं दोघांना जोडीनं आत घेतं आणि त्यांच्यामागे पाणीही आत जातं. बाळाच्या जुलाबात ओआरएस का देतात, त्याचंही कारण हेच. मला ते तोंडपाठ होतं, पण नवऱ्याच्या पिशवीशी ते जोडायचं सुचलं नाही. सगळे म्हणत होते, ‘ऊन वाढलंय, पाणी पाज, शहाळं दे.’ शहाळ्यात मीठ फारच कमी असतं. मी दिवसाला तीन शहाळी देत होते.

तर घरी आल्या दिवसापासून करायची गोष्ट अशी. मापाचा एक प्लास्टिकचा जग घ्या, ५०० किंवा १००० मिलीच्या खुणा असलेला, आणि तो फक्त याच कामाला ठेवा. लघवीसाठी दुसरा. पिशवी रिकामी कराल तेव्हा आधी जगात घ्या, आकडा बघा, मग टाका. एक वही करा. ह्यांनी सत्तावीस वर्षं साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर काढली आहेत, त्यांनीच रकाने आखून दिले: वेळ, पिशवी, लघवी, काय प्यायले, सकाळचं वजन, ताप, नाडी. सकाळी सहा ते दुसऱ्या सकाळी सहा असा दिवस धरायचा आणि बेरीज खाली लाल पेननं. पहिल्या खेपेला वही नव्हती. आठवून आठवून मी डॉक्टरांना म्हणत होते, ‘जरा जास्त येतंय.’ जरा म्हणजे किती, ते मला सांगता येईना.

आकडे असे वाचायचे. सुरुवातीचे दिवस सोडले तर दिवसाला साधारण ५०० ते ८०० मिली, कधी हजारापर्यंत, आणि घट्टपणा पेजेसारखा, हे ठीक. दीड लिटरच्या वर गेलं तर त्याच दिवशी फोन करायचा, उद्यावर ढकलायचं नाही. दोन लिटर झालं, किंवा आकडा कमी असूनही उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते, पोटऱ्यांत वांब येतात, जीभ कोरडी पडते, लघवी गडद आणि दिवसभरात लिटरपेक्षा खूपच कमी होते, तर फोन करत बसू नका, सरळ जा. वजनही बोलतं. दोन दिवसांत दोन किलो उतरलं तर ती चरबी नसते, पाणी असतं.

पिशवी जास्त यायला लागली की आमच्या डॉक्टरांनी नेमून दिलं होतं: साधं पाणी, चहा, ताक सगळं मिळून दिवसाला अर्धा लिटर आणि ओआरएस एक लिटर, घोट घोट, दिवसभर पुरवून. ह्यांना तहान लागायची, चिडायचे, आणि मला ग्लास हातातून काढून घ्यावा लागायचा. तुमच्या माणसाला हृदयाचा, किडनीचा किंवा साखरेचा आजार असेल तर हे माप डॉक्टरांकडूनच घ्या. पुडी घेताना तिच्यावर किती पाण्याची आहे ते वाचा. मोठी पुडी लिटरची असते, छोटी २०० मिलीची. दुकानात खोक्यातून मिळणारी फळांच्या चवीची गोड पेयं म्हणजे ओआरएस नव्हे. त्यांच्या नावात हा शब्द वापरायला एफएसएसएआयनं, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा संस्थेनं, ऑक्टोबर २०२५ मध्ये बंदी केली, पण लोकांच्या तोंडी अजून तेच आहे. पुडीवर जागतिक आरोग्य संघटनेचं सूत्र असं लिहिलेलं असेल तीच घ्या. रात्री पुडी संपली असेल तर लिटरभर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, सकाळी पुडी आणा.

खाण्यात मऊ भात, साबुदाणा, केळं, उकडलेला बटाटा, पोहे यांनी पिशवी घट्ट होते. भाजलेला पापड आम्ही मुद्दाम देत होतो, मिठासाठी. आतड्याची चाल मंद करणारी लोपेरामाइडची गोळी डॉक्टरांनी जेवणाआधी अर्धा तास सांगितली होती, जेवणानंतर घेतली तर तितकी लागू पडत नाही. मात्र ताप असेल, रक्त पडत असेल किंवा पोट फुगून पिशवी बंद झाली असेल, तर ती स्वतःच्या मनानं द्यायची नाही.

आणि बीपीच्या गोळ्या. ह्यांची गोळी लघवी जास्त करणारी होती. अंग कोरडं पडलेलं असताना अशी गोळी, तसंच टेल्मिसार्टनसारखी गोळी, किडनीवर आणखी ताण आणते. डायक्लोफेनॅकसारखी दुखण्यावरची गोळीही तशीच. पिशवी वाढली की फोनवर पहिला प्रश्न हाच विचारा: बीपीची गोळी आज द्यायची की थांबवायची?

पिशवीभोवतीच्या कातडीबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण ती सोलली की पिशवी चिकटत नाही, पिशवी गळते म्हणून कातडी आणखी सोलते आणि माणूस घराबाहेर पडायचं सोडतो. लहान आतड्यातून येतं त्यात अन्न पचवणारे रस असतात, ते कातडीलाही पचवायला बघतात. म्हणून चिकटपट्टीचं भोक स्टोम्याच्या कडेपेक्षा दोन-तीन मिलीमीटरच मोठं हवं. आम्ही पहिल्यांदा दुकानदारानं कापून दिलेल्या मोठ्या भोकाचीच वापरत राहिलो, आणि कडेनं रुपयाएवढी लाल ओली जागा झाली. सहा ते आठ आठवडे स्टोमा आकसत जातो, म्हणून दर आठवड्याला मापायचा. मी जुन्या एक्स-रे फिल्मवर आकार कापून साचा करून ठेवला होता, नवी पिशवी आली की त्यावर ठेवून पेननं आखायचं आणि वाकड्या कात्रीनं कापायचं.

बदलायची वेळ सकाळी, चहाच्याही आधी. तेव्हा आतडं शांत असतं. कोमट पाणी आणि मऊ कापड एवढंच पुरे. डेटॉल नको, तेलकट साबण नको. सासूबाई मायेनं खोबरेल तेल लावायला सांगत होत्या, पण तेलावर काही चिकटत नाही. केस असतील तर कात्रीनं बारीक करा. कातडी अगदी कोरडी झाली की पिशवी लावून तिच्यावर तळहात ठेवून तीन-चार मिनिटं थांबा, हाताच्या उबेनं ती बसते. पिशवी एक तृतीयांश भरली की रिकामी करा. अर्ध्याच्या वर गेली की तिचं वजनच तिला ओढून काढतं, आणि ते रात्री दोनलाच होतं.

स्टोम्याचा रंग रोज बघा. गालाच्या आतल्या बाजूसारखा लाल, ओला असला म्हणजे बरा. पुसताना टिपकाभर रक्त येणं चालतं. जांभळा, काळपट किंवा फिका पांढरा पडला तर लगेच दवाखाना. मुंबईच्या टाटा रुग्णालयात स्टोम्याचं वेगळं क्लिनिक आहे, ऑस्टोमी असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्थाही मुंबईतच आहे. पण तुम्ही ऑपरेशन केलं तिथेच डिस्चार्जच्या आधी सिस्टरांसमोर स्वतःच्या हातानं दोनदा पिशवी बदलून दाखवा. नुसतं बघून येत नाही.

पिशवी एकदम बंद होणं हे दुसरं टोक. चार-सहा तास काहीच नाही, पोटात मुरडा येतो, स्टोमा सुजतो, मळमळतं. किंवा नुसतंच घाण वासाचं पाणी थोडं थोडं येतं, ते अडकलेल्या घासाच्या कडेनं झिरपत असतं, जुलाब नव्हे. पहिले सहा-आठ आठवडे खोबऱ्याचे तुकडे, अख्खे शेंगदाणे, मक्याचं कणीस, शेवग्याच्या शेंगा, गवार, संत्र्याच्या फोडीची साल, कच्ची काकडी-गाजर नको. नंतर एकेक करून, थोडं, खूप चावून. अडकलंय असं वाटलं तर घट्ट खाणं बंद करून डॉक्टरांना फोन करा. रेचक कधीच देऊ नका. उलटी झाली तर घरी थांबायचं नाही.

आता जे पिशवीत दिसत नाही ते. आतला जोड सुटणं किंवा झिरपणं बहुतेक पहिल्या दहा-बारा दिवसांत कळतं, कधी घरी आल्यावरही. ह्यांच्या शेजारच्या खाटेवर एक आजोबा होते. त्यांना ताप नव्हता, पोटही फार दुखत नव्हतं, पण आदल्या दिवशी हिंडणारा माणूस त्या दिवशी ‘मला बरं वाटत नाही’ एवढंच म्हणत पडून होता आणि नाडी १२० होती. रात्री त्यांना पुन्हा ऑपरेशनला नेलं. म्हणून वहीत नाडीचा रकाना. मनगटावर बोटं ठेवून पूर्ण एक मिनिट मोजायची. आरामात पडल्या पडल्या शंभरच्या वर राहिली, ताप, थंडी, पोट फुगणं, खांद्यात दुखणं, खालून पू यायला लागला, यातलं एकही दिसलं तर त्याच वेळी कळवा.

रक्ताची गुठळी: कॅन्सर आणि ओटीपोटाचं ऑपरेशन या दोन्हींमुळे ती व्हायची शक्यता वाढते. ह्यांना पोटाच्या कातडीत द्यायची इंजेक्शनं २८ दिवस होती, मीच द्यायचे. चार दिवस बरे वाटले म्हणून ती मध्येच बंद करू नका. एकच पोटरी सुजली, गरम लागली, किंवा अचानक धाप लागली, छातीत कळ आली तर १०८ ला फोन.

जड उचलणं सहा ते आठ आठवडे नाही. भरलेली पाण्याची घागर, सिलिंडर, नातवंडसुद्धा नाही. खोकताना उशी पोटावर धरायची. टाक्यांच्या जागी किंवा स्टोम्याशेजारी हर्निया उभा राहिला तर तो पट्ट्यानं जात नाही, नुसता आवरतो.

एप्रिलपासून केमो सुरू झाली, सलाइनमधून ऑक्सॅलिप्लॅटिन आणि दोन आठवडे कॅपेसिटाबीनच्या गोळ्या. थंड काही द्यायचं नाही असं सांगितलं होतं, आम्ही फ्रिज बंद समजलो. तिसऱ्या दिवशी दुपारी ह्यांनी माठातलं पाणी तांब्यानं तोंडाला लावलं आणि एकदम गळा आवळल्यासारखा झाला, श्वासच कोंडला असं वाटून घाबरेघुबरे झाले. कोमट पाण्याचे दोन घोट दिले, पाठीवर हात फिरवला, हळूहळू सुटलं. माठाचं पाणीसुद्धा थंडच, स्टीलचा गार तांब्याही हाताला टोचतो. सोलापूरच्या उन्हाळ्यात कोमट पाणी पिणं ही शिक्षाच, पण प्रत्येक डोसनंतर काही दिवस ती पाळावी लागते. ऑक्सॅलिप्लॅटिननं येणाऱ्या बोटांच्या मुंग्या डोस संपल्यावरही काही महिने वाढू शकतात. शर्टाचं बटण लावता येईना झालं तर ते पुढच्या डोसच्या आधी सांगा. डोस कमी करता येतो, मेलेली नस परत आणणं कठीण. कॅपेसिटाबीननं तळहात-तळपाय लाल होऊन भेगाळतात, म्हणून मऊ चप्पल, मलम, आणि गरम पाण्यात भांडी नाहीत. पिशवी वाढली किंवा तोंड आलं तर पुढची गोळी घ्यायच्या आधी फोन करा, गोळ्या चालू ठेवून सोसत बसू नका.

केमो चालू असताना ताप १००.४ फॅरनहाइटला पोचला तर ती इमर्जन्सी आहे, रात्र असली तरी. पांढऱ्या पेशी कमी असतात, जंतुसंसर्ग काही तासांत हाताबाहेर जातो. पॅरासिटामॉल देण्याआधी ताप मोजा. आधी गोळी दिली तर आकडा खाली येतो आणि आपण फसतो.

ऑक्टोबरात ऑपरेशन करून पोटावरचं आतड्याचं तोंड आत घातलं, पिशवी गेली. आम्हाला वाटलं, सुटलो. पहिल्या आठवड्यात दिवसाला चौदा वेळा संडास, गेल्यावर थोडंसंच, उठून आलं की परत, आणि वारा सरतोय की शी होतेय हेही कळेना. ह्यांनी मला सांगितलं नाही, स्वतःच कपडे धुवून टाकायचे. महिनाभरानं कळलं. गुदाशय म्हणजे साठवणीची जागा, तीच काढलेली, वर शेक दिल्यानं उरलेलं आतडं आखडलेलं, म्हणून हे होतं. डॉक्टर याला लार्स म्हणतात. डेन्मार्कच्या डॉक्टरांनी २०१२ मध्ये यासाठी पाच प्रश्नांची गुणपत्रिका तयार केली, ती आमच्याकडूनही भरून घेतली. त्रास बहुतेकांचा वर्ष-दीड वर्षात बराच कमी होतो, पण तोवर गप्प बसायची गरज नाही, यावर उपाय आहेत.

आम्हाला उपयोगी पडलं ते असं. जेवणाच्या वेळा घड्याळानुसार, रात्रीचं जेवण सातच्या आत. चहा, तिखट रस्सा, दूध यातलं काय भोवतं ते वहीवरूनच सापडलं, ह्यांना दूध. इसबगोल डॉक्टरांना विचारून, अर्ध्या कप पाण्यात जेवणानंतर, म्हणजे ते ओलावा धरून मल बांधतं. प्रवासाच्या दिवशी लोपेरामाइड. ओटीपोटाचे व्यायाम: वारा अडवावा तसं आवळून धरायचं, सात-आठ सेकंद, मग तेवढंच सैल, असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. दोन महिने काही फरक वाटला नाही, तिसऱ्या महिन्यात वाटला. एवढ्यानं भागलं नाही तर पाण्यानं आतडं धुवायची पद्धत आहे, ती शिकून घ्यावी लागते. पुसू नका, पाण्यानं धुवा, टिपून कोरडं करा आणि झिंक ऑक्साइडचं मलम लावा.

नवरा-बायकोतली गोष्टही लिहिते, कारण ती आम्हाला कुणी विचारली नाही. ओटीपोटातल्या ज्या नसांवर पुरुषाचं ताठरपण आणि लघवी अवलंबून असते, त्या गाठीच्या अगदी जवळून जातात. ऑपरेशननं, शेकानं त्या दुखावतात. बाईला शेक दिला तर योनीमार्ग आखडतो, कोरडा पडतो, पाळी जाते. दोन्हींवर औषधं आणि उपाय आहेत, आणि ते लवकर सुरू केलेले बरे. वर्षभर ह्यांना वाटत होतं की मला नकोसे झालेत आणि मला वाटत होतं की मी विषय काढला तर त्यांना लागेल. शेवटी डॉक्टरांकडे मीच विचारलं.

२०२४ च्या जानेवारीत हे हुरडा खाऊन आले. रात्री अकराला बेंबीभोवती कळा, थांबून थांबून, मग पोट टम्म आणि हिरवी उलटी, वारा बंद. ऑपरेशन झालेल्या पोटात आतडी एकमेकांना किंवा पोटाच्या भिंतीला चिकटतात, आणि अशा अरुंद जागी चोथा अडकतो. हे ऑपरेशननंतर कितीही वर्षांनी होऊ शकतं. या वेळी मी घोटभर पाणीही दिलं नाही, ओवा नाही, एनिमा नाही. जुनी कागदपत्रं कायम एका पिवळ्या पिशवीत असतात, ती घेतली आणि निघालो. नाकातून नळी, सलाइन, दोन दिवसांत वारा सरला, ऑपरेशन लागलं नाही.

शेक घेतलेल्या जागी पुढे वर्ष-दोन वर्षांनीही रक्ताचे थेंब दिसू शकतात. ते शेकाचं असू शकतं, पण ते ठरवायचं डॉक्टरांनी, दुर्बीण घालून. मूळव्याध म्हणून आठ महिने आम्ही एकदा घालवले आहेत. सीईए ही, कॅन्सर परत येतोय का ते बघायची, रक्ताची तपासणी पहिली दोन-तीन वर्षं दर तीन ते सहा महिन्यांनी, सीटी स्कॅन डॉक्टर सांगतील तसा, कोलोनोस्कोपी ऑपरेशनला वर्ष होताना. ह्यांच्या तपासण्यांच्या तारखा कालनिर्णयवर ह्यांच्याच अक्षरात असतात, लाल पेननं, आणि नवीन कालनिर्णय आलं की जुन्यावरून उतरवून घ्यायचं काम ते दुसऱ्या कुणाला देत नाहीत.